पट्ट्यालाही तेल

मुंबईला जे पाणी मिळतं ते आपल्यामुळे मिळतं, अशी भगीरथची ठाम समजूत होती. तशी ती अगदीच निराधार नव्हती. भातसानगरला धरणावर त्याची उभी नोकरी वंगण घालण्यात गेली. दरवाजे उचलणारे जाड दोर, त्यांच्या कप्प्या, दातेरी चाकं, जिथं म्हणून लोखंडाला लोखंड घासतं तिथं भगीरथ ग्रीसचा डबा घेऊन हजर. "मी ग्रीस लावला नाय तं दरवाजा उघडायचा नाय, आन् दरवाजा उघडला नाय तं मुंबई तोंड धुवायची नाय," असं तो मुरबाडच्या जीपमध्ये शेजारी दाटीवाटीनं बसलेल्या अनोळखी माणसालाही सांगायचा. त्या माणसाला उतरायची सोय नसल्यामुळे तो ऐकून घ्यायचा.

मागच्या दिवाळीला भगीरथ निवृत्त झाला. गळ्यातला हार न काढता सिद्धगडाच्या पायथ्याशी आपल्या गावी, आपल्या घरी आला, आणि पंधरवड्यात त्याच्या लक्षात आलं की या घराला आपली काडीची गरज नाही.

घर होतं गोदूचं. म्हणजे कागदावर भगीरथचं, पण चालत होतं ते गोदूच्या हातावर. इतकी वर्षं नवरा धरणाच्या कॉलनीत आणि ती गावात. भाताची लावणी, कापणी, पावसाळ्याआधी कौलं परतणं, पोरीला शिकवून तिचं लग्न लावणं, सगळं तिनं एकटीनं निभावलं. वर शिवणकाम. ओटीवर तिची पायमशीन होती आणि गावातल्या प्रत्येक बाईचं माप तिला तोंडपाठ होतं. भगीरथ शनिवारी यायचा, रविवारी जायचा, तेव्हा त्याला बशीसकट चांगल्या कपात चहा मिळे. कायमचा आल्यावर बशी गेली. शिवाय तो जिथं बसे तिथून त्याला उठावं लागे.

"उठा, झाडायचं हाय."

"उठा, वाल सुकत घालायचं हाय."

"उठा वो, तुमी अस्तरावर बसलाव."

भगीरथ उठायचा आणि अंगणाच्या कडेला जाऊन सिद्धगडाकडे बघत उभा राहायचा. डोंगर कुणी कितीही झाडलोट केली तरी जागचा हलत नाही, याचा त्याला थोडा हेवा वाटे. त्याला फार मोठं काही नको होतं. या घरात एक तरी काम असं हवं होतं, जे आपल्यावाचून अडेल. बस्स. पण गोदूनं अडेल असं काही शिल्लकच ठेवलं नव्हतं.

माघ लागला, आणि शेजारच्या बारकीच्या मुलीचं, मितालीचं लग्न ठरलं. हळदीचा पिवळा ब्लाउज शिवायचा मान अर्थात गोदूचा. हळदीच्या आदल्या दिवशी ती हूक आणि लेस आणायला मुरबाडला निघाली. जाताना म्हणाली, "कशाला हात लावू नका." तिनं हे प्रेमानं सांगितलं होतं, पण भगीरथला ते चांगलंच लागलं.

जीपचा आवाज लांब गेला. दुपारचं ऊन ओटीवर आलं. भगीरथ मशीनशेजारच्या खुर्चीत डोळे मिटून बसला, आणि प्रथमच त्याला घर ऐकू आलं. वाऱ्यानं ओटीचं दार हललं, ते कुरकुरलं. मागं शेळीनं दाव्याला ओढ दिली, खुंटा करकरला. फडताळाची फळी कण्हली. खाटेनं तर कुणी न बसताच हुंकार दिला. भगीरथ ताडकन उभा राहिला. अरे, हे तर सगळं घर वंगण मागत होतं! आणि आपण वंगणात जन्म काढलेला माणूस इथं अस्तरावर बसतो म्हणून बोलणी खात होतो.

प्रश्न एवढाच होता की घरात वंगण नव्हतं. गोदूची मशीनच्या तेलाची चोच असलेली बाटली रिकामी होती. ग्रीस सरकारी, ते सरकारकडे राहिलं. भगीरथनं कोनाडे धुंडाळले, तेव्हा त्याला एक बुधली सापडली. मोहट्यांचं तेल. मोहाच्या बिया घाण्यावर गाळून हे तेल काढतात. गोदू ते टाचांच्या भेगांना लावायची. भगीरथला एकदम आजा आठवला. आजा बैलगाडीच्या आसाला हेच तेल पाजायचा, आणि त्याची गाडी पार मुरबाडपर्यंत चूंही न करता जायची. ग्रीस कालचं आलं. हे तर मूळचं आपलं.

दुपारच्या उन्हात तेल मधासारखं पातळ झालं होतं. भगीरथनं कोंबडीचं पीस घेतलं आणि कामाला लागला. रिकामा न्हावी भिंतीला तुंबड्या लावतो. भगीरथनं भिंत तेवढी सोडली. दाराच्या बिजागऱ्या झाल्या, कडी झाली, फडताळ झालं. कापडाच्या ट्रंकेचं कुलूप झालं, त्याला तर त्यानं बारशाच्या पोराला पाजावं तसं थेंब थेंब पाजलं. मग सायकलची साखळी. आणि शेवटी, हात धुऊन, देवाला नमस्कार करावा तशा भावनेनं, गोदूची मशीन. जिथं भोक दिसेल तिथं त्यानं तेल सोडलं. मग पायडल हलकेच दाबून पाहिलं, आणि चाक असं फिरलं की जणू कुणी पाण्यात बोट फिरवतंय.

भगीरथ तिथंच बसून राहिला. चाक फिरत होतं, ऊन सरकत होतं, लांब वालाच्या शेतात कुणीतरी कुणालातरी हाका मारत होतं. नोकरीला लागला तेव्हा धरणावरच्या एका साहेबानं त्याला एक गोष्ट सांगितली होती आणि ती त्याला जन्मभर पुरली होती. दोन लोखंडांच्या मध्ये तेलाचा एक पापुद्रा असतो, कांद्याच्या सालीहून पातळ. वरचं लोखंड त्या पापुद्र्यावर तरंगत असतं. म्हणजे ती दोन लोखंडं एकमेकांजवळ आयुष्य काढतात आणि एकमेकांना शिवत मात्र नाहीत. भगीरथला हे फार सुंदर वाटायचं. त्या तंद्रीतच त्याचा डोळा लागला.

गोदू संध्याकाळी आली ती थेट त्याच्या पुढ्यातच उभी. दार वाजलंच नाही.

"जागे हाव का?"

भगीरथ दचकला. मग हसला. "काय ऐकू आलं तुला?"

"कायच नाय."

"तेच तं."

त्यानं तिला दार उघडून दाखवलं, मिटून दाखवलं. फडताळ दाखवलं. मग खुर्ची पुढं ओढली आणि म्हणाला, "बस. एक शिलाई मार."

गोदू मनाविरुद्ध बसली. ब्लाउजची शेवटची शिवण तेवढी उरली होती. तिनं पाय टेकला मात्र, मशीन वाऱ्यावर निघाली. ती थांबली, परत पाय टेकला, आणि शिवण संपवताना तिच्या तोंडावर हसू आलं. "बरी चालते," ती म्हणाली. एवढंच म्हणाली, पण कितीतरी दिवसांनी त्या संध्याकाळी भगीरथला बशीसकट चहा मिळाला.

इथं माणसानं थांबायचं असतं. पण एकदा बशी मिळाली की माणूस थांबतो का? गोदू ब्लाउज खुर्चीवर ठेवून बारकीकडे हळद दळायला गेली, आणि भगीरथ बुधली घेऊन पुन्हा मशीनपाशी आला. एवढ्या तेलावर ती हसली. अजून थोडं घातलं तर काय काय होईल? त्यानं दुसरा हात दिला. काही राहिलं का बघितलं. खालच्या मोठ्या चाकावरून वरच्या लहान चाकाकडे जाणारा चामड्याचा पट्टा राहिला होता. वाळून कडकडीत झाला होता बिचारा. भगीरथनं त्याला आतून बाहेरून मायेनं तेल चोळलं.

मग तो दिवा लावायला आत गेला, तेवढ्यात शेळी ओटीवर आली. एरवी दार कुरकुरलं असतं आणि गोदू गावाच्या कुठल्याही टोकाला असली तरी तिला कळलं असतं. आता शेळी मोकळेपणानं आली, आणि खुर्चीवरच्या ब्लाउजची डावी बाही सावकाश, चवीनं खाऊन गेली. दाव्याच्या गाठीलाही भगीरथनं तेल लावलं होतं, हे त्याला दिवा घेऊन आल्यावर आठवलं.

गोदू परत आली. तिनं ब्लाउज उचलला, दिव्यापाशी धरला. ओरडली नाही. भगीरथला वाटलं, ओरडली असती तर बरं झालं असतं.

"तुमी दार गप केलाव," ती म्हणाली. "ते दार वाजायचं म्हणून मी या घरात एकटी निजले इतकी वर्षं. कोण आला, कोण गेला, दार मला सांगायचं. तुमी नव्हताव, दार होतं."

इतक्या वर्षांत त्यानं तिला कधी विचारलंच नव्हतं, एकटी कशी राहतेस म्हणून. त्याला स्वतःचीच लाज वाटली.

"बाही परत लावता येल?" त्यानं विचारलं.

"ट्रंकेत कापड हाय तेवढं. आता डोळ्यांनी दिसायचं नाय. सकाळी लावीन. दुपारी हळद हाय मितालीला."

माघातली थंडी सिद्धगडाच्या पायथ्याला रात्री उतरते आणि सकाळी जायचं नाव घेत नाही. उजाडलं तेव्हा वालाच्या शेतावर धुकं बसलं होतं आणि अंगणातल्या तुळशीची पानं ओली होती. गोदूनं ट्रंकेच्या कुलपाला किल्ली लावली. किल्ली आत गेली आणि रुतून बसली. फिरेना, निघेना.

भगीरथनं बुधली उचलून उजेडात धरली. कालचं मधासारखं तेल आता साजूक तुपासारखं पांढरं, गच्च गोठलं होतं. त्यानं बुधली उपडी केली. थेंब पडला नाही.

आणि मग त्याला आज्याबद्दलची उरलेली गोष्ट आठवली. आजा या तेलानं गाडी चालवायचा खरा, पण उन्हाळ्यात. थंडीत गाडी मांडवाखाली असायची.

"गोदू," तो हळूच म्हणाला, "हे तेल थंडीत थिजतं."

"ते मला ठावं हाय. म्हणून तं मी टाचांना लावायच्या आधी चुलीपाशी ठेवते. तुमी मशीनला घातलाव?"

भगीरथनं बुधली खाली ठेवली. गोदूनं मशीनच्या चाकाला हात घातला. चाक हललं नाही. सुई अर्ध्यावर थांबली होती, जणू काही बोलता बोलता विसरली.

आधी कुलूप. गोदू तव्यावरून गरम भाकरी घेऊन आली आणि ती तिनं कुलपावर थापून दाबून धरली. भगीरथ आ वासून बघत राहिला. भाकरी निवेपर्यंत ती धरून होती. मग किल्ली फिरली आणि कापड हाती आलं. ती भाकरी भगीरथच्या पुढ्यात ताटात आली, कुलपाच्या ठशासकट, आणि त्यानं मुकाट्यानं खाल्ली.

पण मशीनला भाकऱ्या किती लावणार? दोघांनी ती उचलून अंगणात आणली, सूर्य यायचा त्या बाजूला तोंड करून ठेवली, गोधडी पांघरली आणि पुढ्यात शेकोटी पेटवली. आता वाट बघायची ती सूर्याची. आणि या गावाचं दुखणं हे की सूर्याला इथं यायला सिद्धगड ओलांडावा लागतो. मुरबाडला लोक उन्हात बसून पेपर वाचतात तेव्हा या गावात अजून पहाटच असते.

बारकी ब्लाउज न्यायला आली. तिनं शेकोटीपाशी गोधडीतली मशीन पाहिली, शेजारी हात चोळत बसलेला भगीरथ पाहिला, आणि आवाज खाली आणून विचारलं, "काय झाला हिला?"

"थंडी भरली," गोदू म्हणाली.

"आन् ब्लाउज?"

"एक बाही हाय."

बारकी खालीच बसली. ज्यांना ज्यांना कळलं ते सगळे बसायला आले. कुणी सांगितलं सुंठ उगाळा. कुणी म्हणालं, मशीनवर कुणाची तरी नजर हाय. देवराम नावाचा गोदूचा लांबचा दीर होता, त्यानं भगीरथला विचारलं, "दादा, धरणावर पण हेच तेल घालायचाव काय?" भगीरथला पहिल्यांदाच धरणाविषयी काही बोलावंसं वाटलं नाही.

शेकोटीचा धूर सरळ वर जात होता. डोंगराच्या माथ्यावर आधी एक पांढुरकी रेघ उमटली, मग ती पिवळी झाली. ऊन लांबच्या शेतावर पडलं, तिथून ते बांध ओलांडत, शेतावरच्या झापांची खोपटं ओलांडत गावाकडे यायला लागलं, आणि सगळी माणसं एखाद्या पाहुण्याच्या वाटेकडे डोळे लावावेत तशी त्याच्याकडे बघत बसली. भगीरथला क्षणभर वाटलं की हे सगळं जगच कशावर तरी तरंगत चाललंय, आपल्याला दिसत नाही इतक्या पातळ कशावर तरी, आणि ते थिजलं की आपण असे शेकोटीभोवती बसतो. त्यानं हे गोदूला सांगितलं असतं, पण तिचा चेहरा ऐकण्यासारखा नव्हता.

ऊन आलं. गोधडी काढली. मशीनच्या अंगावर ऊब चढली आणि तिच्या सांध्यांतून तेलाचे थेंब पाझरायला लागले. गोदूनं ते सगळे पुसले, चाकाला हात घातला. चाक फिरलं. अंगणभर सुस्कारा पसरला. ती खुर्चीवर बसली, सुईखाली बाही धरली आणि पायडल दाबलं.

पायडल हललं. खालचं मोठं चाक गरगर फिरलं. वरचं चाक ढिम्म हललं नाही. पट्टा नुसता सुळसुळ सरकत होता.

गोदूनं वाकून पट्ट्याला बोट लावलं, ते डोळ्यांपुढे धरलं.

"पट्ट्याला पण?"

"राहिला होता," भगीरथ म्हणाला.

सगळीकडे तेल घालायचं, पण पट्ट्याला नाही. पट्ट्यानं चाकाला घासूनच तर चाक ओढायचं असतं. हे भगीरथला माहीत नव्हतं असं नाही. धरणावर नव्या माणसांना तोच हे शिकवायचा. पण बशीच्या धुंदीत विसरला. बारकीनं तर डोळ्याला पदर लावला. पोरीला हळद लागायची होती आणि ब्लाउजला बाही नव्हती. पट्टा धुऊन वाळवायचा तर दुपार टळली असती.

"या इकडं," गोदू म्हणाली. "वरचं चाक हातानं फिरवा."

भगीरथ उभा राहिला, चाक धरलं आणि जोरात फिरवलं. दोरा तुटला.

"उलटा नाय. माझ्याकडं फिरवा. हळू."

तिनं दोरा ओवला. त्यानं हळू फिरवलं.

"थांबा. वळण हाय. आता एकच. अजून एक. आता चला."

तो चालला. ती कापड सरकवी, तो चाक फिरवी. ती श्वास घेई तेव्हा तो थांबे. पहिल्यांदा ती सांगत होती, मग नुसती मान हलवत होती, आणि थोड्या वेळानं तेही थांबलं. तिचा हात वळायच्या आधीच त्याचा हात मंद व्हायला लागला. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण दोघांनी मिळून एवढा वेळ एकच काम केल्याचं भगीरथला आठवेना. त्याला फार बरं वाटत होतं. हे सगळं आपल्याच चुकीमुळे चाललंय, हेही तो जरा वेळ विसरला.

बाही लागली. तिच्यावर तेलाचा एक थेंब पडायचा तो पडलाच, पण मितालीला हळद अशी काही लावली की थेंब कुठला आणि हळद कुठली, ब्रह्मदेवालाही सांगता आलं नसतं. बारकीनं जाता येता भगीरथकडे बघणं सोडून दिलं, एवढीच काय ती शिक्षा.

लग्न उरकलं आणि भगीरथ घर पूर्ववत करायला बसला. तेल घालायला एक दुपार पुरली होती. काढायला किती दिवस गेले ते विचारू नका. दार कुरकुरेना म्हणून त्यानं बिजागऱ्या राखेनं घासल्या, उन्हात ठेवल्या, परत घासल्या. शेवटी एकदाचं दार कण्हलं, तेव्हा गोदू आतून म्हणाली, "कोण हाय?" आणि भगीरथला परीक्षेत पास झाल्यासारखं वाटलं.

मग मशीन. सांधा न् सांधा त्यानं पुसला, मुरबाडहून आणलेल्या खऱ्या तेलाचे मोजके थेंब सोडले. पट्टा साबणानं धुतला, वाळवला, त्यावर खडू घासला. पायडल दाबून पाहिलं. पट्ट्यानं चाक असं घट्ट पकडलं की बोटानंही सरकेना. काम नंबर एक झालं होतं. भगीरथ त्याच्याकडे बघत राहिला आणि त्याला अजिबात आनंद झाला नाही. आता परत अंगणाच्या कडेला जायचं.

गोदू कापड घेऊन आली. खुर्चीत बसली, पायडल एकदा दाबलं. चाक झरझर फिरलं. दोघांनीही ते पाहिलं. गोदूनं पाय पायडलवरून काढले, खुर्चीखाली दुमडून घेतले आणि सुईत दोरा ओवता ओवता, त्याच्याकडे न बघता म्हणाली, "सरकतो अजून."

भगीरथनं पट्ट्याकडे पाहिलं. मग गोदूकडे.

"हां," तो म्हणाला. "लय सरकतो." आणि चाकापाशी जाऊन उभा राहिला.

तेव्हापासून गोदूची मशीन हातानंच फिरते. ओटीसमोरून जाणारायेणारा देवराम अजूनही टोकतो, "काय दादा, उभा जन्म धरणावर गेला, आन् बायकोच्या मशीनचा साधा पट्टा दुरुस्त होईना तुमाला?"

भगीरथ चाक थांबवत नाही. "नाय जमत बाबा," म्हणतो, "आपल्याला ते कामच येत नाय."